गोधडी वरून

एकदा तर्कशास्त्र शिकवणाऱ्या एका वृद्धेकडे तिची शिष्या निरोप घ्यायला आली. वृद्धेला सारे माई म्हणत. शिष्येची तीन महिन्यांची लेक त्या दिवशी प्रथमच घाट उतरून आपल्या घरी निघाली होती. गाडी शिष्याच चालवणार, म्हणून धास्तीही तिलाच अधिक. मागच्या सीटवर तिने बाळाचे आसन पाठमोरे, पट्टा आवळून पक्के बसवले होते. थंडीचे दिवस; बरोबर निघालेल्या तिच्या आईने जुन्या लुगड्यांची जाड गोधडी शिवली होती. तीत बाळ गुंडाळून मग वरून आसनाचे पट्टे लावले होते.

माईंनी आसन बुडाशी धरून हलवले. ते हलेना.

"हे नीट झालंय. आता सांग, पट्ट्यांनी कुणाला बांधलंस?"

"बाळाला, माई."

"असं?"

माईंनी पट्टे सोडून गोधडी काढून घेतली आणि होते तेवढ्याच लांबीचे पट्टे पुन्हा लावले. बाळाने भोकाड पसरले.

"अहो, गारठेल पोर!" शिष्येची आई कळवळली. "डोळे फोडून शिवलीय मी ती."

"टाके सुरेख आहेत हो. पण जरा गप्प बसा."

माईंनी पट्टा आणि बाळाची छाती यांच्यामध्ये मूठ घातली. मूठ सहज आत गेली, वर फिरलीसुद्धा.

"तू गोधडी बांधलीस गं," माई म्हणाल्या. "हाताला घट्ट लागली आणि तू फसलीस. गाडी आदळली की गोधडी दबणार, आणि ही एवढी जागा उरणार. पोर निसटायला तेवढी पुरे. पट्टा अंगालाच लागला पाहिजे. माया करू नको असं कोण म्हणतंय? ती वरून घाल."

शिष्येने पट्टे ओढले. खांद्याशी चिमटीत धरून पाहिले. चिमटीत काही येईना. मग गोधडी तिने आईच्या हाती दिली. आईने ती पट्ट्यांवरून छातीपर्यंत पांघरली. बाळ निवले.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर म्हैस आडवी आली. शिष्येने करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबल्यावर मागे वळून पाहण्याचे धैर्य तिला होईना.

"आई?"

"गोधडी पडली गं खाली."

"आणि बाळ?"

"झोपलंय. होतं तिथंच."

आईने वाकून गोधडी उचलली, झटकली, आणि वरून घातली.