शेंदूर नाकारलेला माळ

खडकोळीच्या उत्तरेला उघडा माळ आहे. तिथे घागरीएवढे वाटोळे दगड विखुरलेले दिसतात. नवखा माणूस भाविकपणे हात जोडतो, तेव्हा गावच्या देवळाचे वृद्ध पुजारी त्याला म्हणतात, "हात सोडा, पाव्हणं. ते देव नव्हंत." ज्या मुलखात वाटेच्या वळणावरच्या धोंड्यालाही शेंदूर लागतो, तिथे हे दगड आज कोरडे आहेत. खडकोळीची दळणाची जाती इतर गावांपेक्षा लहान का, याचेही उत्तर याच माळावर आहे.

असे सांगतात की, पूर्वी हे गाव पाथरवटांचे होते. पुरुष खाणीतून काळा पाषाण काढून जाती घडवीत. बायका गावोगाव "जात्याला टाकी" अशी हाक देत हिंडत आणि झिजलेल्या दगडांना नव्याने धार आणीत. मग लढाई पेटली. किल्लेदाराने तोफांसाठी दगडी गोळे मागवले आणि जात्यापेक्षा गोळ्याला कितीतरी अधिक धान्य मोजले. गावाने जाती सोडली. पाथरवटांचा मुख्य सुभाना सर्वांच्या पुढे होता. त्याची बायको भिवरा मात्र टाकी घेऊन हिंडत राहिली. तो चारचौघांत तिला टाकून बोले, "किल्ल्याचं अन्न घरात असताना ही दारोदार ठोकत फिरती. भिकारणीची हौस!"

"लढाई जन्माला पुरत न्हाई, धनी," भिवरा म्हणे. "जातं पुरतं."

लढाई लांबली. चांगला पाषाण गोळ्यांत संपला आणि खाणीत पाणी भरले. जे पोर तरणे झाले, त्याच्या हाताला वाटोळ्याखेरीज दुसरा आकार ठाऊक नव्हता. एके दिवशी तह झाला, किल्ल्याचा दरवाजा पाथरवटांच्या तोंडावर बंद झाला आणि घडून तयार असलेले गोळे माळावर तसेच राहिले. लोकांनी उरल्यासुरल्या ठिसूळ दगडाची जाती केली, तर पिठात दगडाची बारीक खर उतरू लागली. शेजारगावच्या बायकांनी ती जाती सुभानाच्या दारात आणून आपटली. "दात पाडायचं सामान इकतोस व्हय रं, मेल्या?"

तेव्हा सुभानाने तोड काढली. त्याने गोळ्यांना शेंदूर फासला आणि माळावर देव प्रकटला अशी हूल उठवली. नैवेद्य येऊ लागला, गावाची चूल पेटली. भिवरेचा जीव मात्र तीळतीळ तुटू लागला. चांगला पाषाण आता त्या गोळ्यांतच उरला होता आणि देव झालेल्या दगडाला छिन्नी कोण लावणार? शेंदराखाली गावाची विद्या गुदमरत होती.

चैत्री पौर्णिमेला माळावर नैवेद्याची गर्दी जमली असता भिवरा छिन्नी-हातोडा घेऊन आली. घागरभर पाण्याने तिने एका गोळ्याचा शेंदूर धुतला.

"चांडाळणी!" सुभाना ओरडला. "देवावर हात टाकतीस? निर्वंश करशील!"

"परक्याच्या लेकरांवर पडायला घडवला तुम्ही ह्यो धोंडा," ती म्हणाली. "भूक लागली म्हणून त्याला देव करता? ह्यात देव असंल, तर ह्यो घाव माझ्याच कपाळी बसू दे!"

घाव बसला, पण तो माणसांनी घातलेला. गर्दीतून दगड आला आणि तिचे कपाळ फुटले. डोळ्यांत रक्त उतरत असतानाही तिचा हात थांबला नाही, म्हणे. गोळा दुभंगला. आत दाट, निर्दोष काळा पाषाण होता. दोन्ही अर्ध्या भागांना टाकी लावून तिने तिथेच लहानसे जाते मांडले आणि नैवेद्यासाठी आलेले मूठभर जोंधळे दळले. जिने सुभानाच्या दारात जाते आपटले होते, त्या शेजारगावच्या म्हातारीनेच पुढे होऊन पीठ जिभेवर ठेवले.

"खर न्हाई," ती एवढेच बोलली.

गर्दी पांगली. दिवस मावळण्याआधी तरणी पोरे छिन्न्या घेऊन परतली, त्यांनी उरलेल्या गोळ्यांचा शेंदूर धुतला आणि ती भिवरेजवळ खाली मान घालून शिकायला बसली.

दगडाचा देव होतो तो भावाने. पोटाच्या लबाडीने शेंदूर लावला, तर देवही अंतरतो आणि दगडही वाया जातो. सुभानाला हे पटले नाही. तो मरेपर्यंत तिच्या जात्याच्या पिठाला शिवला नाही, असे सांगतात.

आजही खडकोळीत नवे जाते बसते, त्या दिवशी घरच्या कर्त्या पुरुषापुढे पहिली भाकरी वाढतात. तो त्या भाकरीकडे पाहतो आणि न जेवता उठतो. बायका जेवून घेतात. त्याला आग्रह कोणी करीत नाही.