तुडवलेला उतार

एकदा एक परिचारिका पंधरवड्याची रजा काढून हिमालयातल्या एका खिंडीत स्कीइंग शिकायला आली. लोक तिथे हौसेने येतात. ही हौसेने आली नव्हती. तिचं गाव एका डोंगराच्या पायथ्याशी होतं आणि त्याच गावाची वरची वाडी हिवाळाभर बर्फाने तुटलेली असे. नुकत्याच सरलेल्या माघात वाडीतली एक बाई बाळंतपणात अडली. सांगावा आला, परिचारिका पिशवी घेऊन निघाली आणि पहिल्याच वळणावर कमरेएवढ्या बर्फात रुतून बसली. मागे फिरण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. बाळ वाचलं, आई गेली. त्या दिवशी तिने मनाशी गाठ बांधली की पुढच्या हिवाळ्यात आपण वाडीत पोहोचायचंच, मग त्यासाठी काय वाटेल ते शिकावं लागो.

खिंडीच्या दोन्ही अंगांना एकेक स्की रिसॉर्ट होतं. पूर्वेकडच्याला सकाळचं ऊन चांगलं आणि जेवण त्याहून चांगलं. पश्चिमेकडच्याचा उतार लांबलचक आणि माणसांना माथ्यावर नेणारी लिफ्ट नवीकोरी. दोघंही सख्खे शेजारी, त्यामुळे त्यांचं एकमेकांशी पटत नसे हे सांगायला नकोच.

परिचारिका आधी पूर्वेला उतरली. तिथे तिला एक व्यापारी भेटला. गृहस्थ बारा गावचं पाणी प्यालेला. दरवर्षी यायचा, दोन्हीकडे राहायचा आणि स्की पायांत अडकवून फोटो काढण्यापलीकडे काही शिकल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. सल्ल्याचा मात्र अखंड झरा. "ताई, इथे कशाला थांबलात? पश्चिमेचा बर्फ म्हणजे मैदा आहे मैदा!" तो म्हणाला. ती पश्चिमेला गेली आणि त्या मैद्यावर सडकून आपटली. तिथे कोणीतरी कळवळून सांगितलं की शिकाऊ माणसाने पूर्व सोडूच नये. ती परत आली. दुरून डोंगर साजरे, हे तिला शाळेपासून पाठ होतं. पण म्हणी पाठ करून माणूस शहाणा होत असता तर शाळेच्या दारातून रोज संतच बाहेर पडले असते. या येरझाऱ्यांत अर्धी रजा सरली आणि तिला अजून न पडता धड घसरताही येत नव्हतं.

खिंडीच्या मधोमध एका लाकडी घरात एक वृद्ध गुरुजी राहत असत. दोन्ही रिसॉर्टमधले शिक्षक एकेकाळी त्यांच्याच हाताखाली तयार झाले होते, म्हणून दोन्हीकडे त्यांचा शब्द चाले. एका संध्याकाळी परिचारिका त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. पायांत स्की तशाच होत्या.

"बाबा, तुम्ही दोन्ही उतार जाणता," ती म्हणाली. "त्यातला चांगला कोणता ते सांगा आणि मला तिथे शिकवा. आता माझ्याजवळ वाया घालवायला दिवस नाहीत."

वृद्धांनी तिच्या पायांकडे पाहिलं. "तुझ्या स्कीची टोकं आत्ता कोणीकडे आहेत?"

"पूर्वेकडे."

"मग पूर्व. सकाळी लवकर ये."

तिला वाटलं, म्हातारबुवा थट्टा करताहेत. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं हे उत्तर? पण दुसरा उपाय नव्हता. त्यातून रात्री नवा बर्फ पडला आणि सकाळी पाहावं तिकडे सगळं गुडघाभर भुसभुशीत झालेलं. वृद्ध तिला पूर्वेच्या उताराच्या अगदी कडेला, जिथे बर्फ दाबायचं यंत्र येत नसे अशा जागी घेऊन गेले.

"उताराला आडवी उभी राहा," ते म्हणाले. "वरचा पाय उचल, जोराने दाब. आता खालचा त्याच्याजवळ आण. पुन्हा वरचा."

अशा रीतीने ती इंचाइंचाने चढू लागली. पायांखालचा बर्फ करकरत दबत होता. माथ्यावर पोहोचली तेव्हा तिला दम लागला होता, पण मन उल्हसित होतं. तिने स्की खालच्या दिशेला वळवल्या. तोच वृद्ध म्हणाले, "घसरायचं नाही. जशी आलीस तशीच आडवी उतर. मग शेजारची पट्टी तुडव."

ती उतरली. पुन्हा चढली. ऊन डोक्यावर आलं तरी हाच उद्योग. पलीकडच्या दाबलेल्या उतारावरून लोक सूं सूं करत जात होते. लिफ्टमध्ये बसलेल्या व्यापाऱ्याने तिला पाहिलं आणि वरूनच ओरडला, "ताई, शेत नांगरताय की काय? मी पश्चिमेला चाललोय, येताय का?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं आणि लाजेचंही.

"बाबा," ती म्हणाली, "एका बाईने माझी वाट पाहत जीव सोडला. मी तिच्यापर्यंत पोहोचले नाही. मला बर्फ तुडवायला शिकायचं नाही, मला जायला शिकायचंय!"

वृद्ध म्हणाले, "जायचंय ना? मग अजून दोन पट्ट्या राहिल्यात. मन नसेल तर पश्चिमेची वाट समोर आहे. मी अडवणार नाही."

तिने पश्चिमेकडे पाहिलं. तिकडे जावंसं तिला फार वाटलं. मग तिने नाक पुसलं, दात-ओठ खाल्ले आणि पाय उचलला. अंधारून येईपर्यंत तिने दोन्ही पट्ट्या पुऱ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृद्धांनी आधी तिला न तुडवलेल्या बर्फात पाय टाकायला लावला. पाय मांडीपर्यंत गेला. मग तिला तिच्या पट्टीच्या माथ्यावर नेलं. रात्रीच्या थंडीने दाबलेला बर्फ घट्ट बसला होता. "जा आता," ते म्हणाले. ती निघाली. एकदा डगमगली, सावरली आणि थेट पायथ्याशी जाऊन थांबली. दिवसभराच्या चढउतारात पायांना तोल सापडला होता, हे तिचं तिलाच तेव्हा उमगलं. ती हसू लागली आणि हसता हसता रडली.

वृद्ध तिच्यामागोमाग अलगद खाली आले.

"मुली, चांगला उतार कोणता, असं तू विचारलंस," ते म्हणाले. "काल सकाळी एकही चांगला नव्हता. रात्रीच्या बर्फाने पूर्व आणि पश्चिम सारखीच करून ठेवली होती. पलीकडे यंत्र फिरलं म्हणून तो उतार झाला, इथे तुझे पाय फिरले म्हणून हा झाला. उतार आयता सापडेल म्हणून माणसं जन्मभर या बाजूची त्या बाजूला जातात. तो तुडवून करावा लागतो, आणि तुडवायचा तर एका जागी राहावं लागतं."

"आणि माझ्या स्कीची टोकं पश्चिमेकडे असती तर?"

"तर तिकडे तुडवलं असतं. माझं काय जातंय?" वृद्ध हसले. मग गंभीर झाले. "पण एक ध्यानात ठेव. तुझ्या वाडीच्या वाटेवर यंत्र नाही आणि लिफ्टही नाही. सांगावा आल्यावर तुडवायला लागलीस तर उशीर झालेला असेल."

तिने वाकून नमस्कार केला. उरलेली रजा तिने त्याच उतारावर काढली.

पुढच्या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला तेव्हा गावच्या पारावर चर्चा सुरू झाली. वाडीला जायला दोन घळी होत्या, डावी आणि उजवी, आणि यंदा कोणती बरी यावर मंडळींचं एकमत होईना. परिचारिका तोवर डावीत शिरली होती. ती रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी थोडी वाट तुडवी. बर्फ पडे, वाट बुजे, ती पुन्हा तुडवी. पारावरच्यांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. वाट मात्र हळूहळू वाडीला जाऊन भिडली.

पौषात एका दुपारी, पीठ चाळावं तसा बर्फ पडत असताना, वाडीतून सांगावा आला. दिवस मावळायच्या आत ती त्या घराच्या दारात होती. घरातली म्हातारी डोळे विस्फारून बघतच राहिली. "अगं, एवढ्या बर्फातून तू आलीस तरी कशी?"

"मी तर रोज येतेय, आजी," ती स्की सोडता सोडता म्हणाली. "आधी पाणी तापत ठेवा."

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.