शोभेचं निशाण

फार मागची गोष्ट, जहाजं शिडांवर चालायची तेव्हाची. एका जहाजावरच्या पेटीत निशाणं राहत. प्रत्येकाला एकच गोष्ट सांगता येई. तांबड्या-पिवळ्या निशाणाला येई ती अशी: आमचा माणूस पाण्यात पडलाय, धावा.

त्यामुळे ते क्वचितच बाहेर निघे. मग बंदरात उत्सव आला आणि रिवाजाप्रमाणे सगळी निशाणं शोभेसाठी दोरीवर चढली. काठावरची माणसं वर बघून हरखली. तांबडं-पिवळं तर नुसतं नाचलं.

उत्सव सरला. निशाणांची शिवण-टिपण करणारे म्हातारे धाकूकाका ती उतरवायला आले.

"काका, राहू द्या की. पेटीत जीव गुदमरतो," तांबडं-पिवळं म्हणालं.

"लेकरा, तू रोज दिसलंस तर तुला बघून धावणार कोण?"

पण कप्तानालाही शोभा आवडली होती. "असू दे रे म्हाताऱ्या, तुझं काय जातंय?" तो म्हणाला. जहाज तसंच नटून समुद्रात निघालं.

भर समुद्रात शिडाची दोरी बांधताना धाकूकाकांचा पाय सटकला आणि ते पाण्यात गेले. जहाज अवजड, लवकर वळेना. मागून येणारं गलबत मात्र त्यांना सहज गाठू शकलं असतं. निशाण जीव खाऊन फडफडलं.

गलबतावरचे खलाशी हसले. "यांची जत्रा अजून उठली नाही वाटतं." त्यांनी हात हलवले आणि दुसरीकडून निघून गेले.

संध्याकाळी शेजारचं निळं निशाण म्हणालं, "आज काय फडकलंस रे, बघत राहावं असं."

 तांबड्या-पिवळ्याची शिवण उसवली होती, आणि ती घालणारं आता कोणी नव्हतं.