पडद्याआडची बाहुली

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात एक चितारीण राहत होती. लाकडाची खेळणी करून रंगवणे हा तिच्या आळीचा धंदा. तिच्या हातात अशी कला होती, की तिने केलेल्या लाकडी केळ्याभोवती माशा घोंघावत.

या चितारणीने एकदा पांगाऱ्याच्या लाकडाची बोलणारी बाहुली केली. बोलायला शिकावे म्हणून तिला कधी पाणवठ्यावर बसवले, कधी बाजारात, कधी लग्नघरात. बाहुलीने सगळे कान देऊन ऐकले. पाहुण्याला आग्रह कसा करायचा, रुसलेल्याला कसे बोलते करायचे, आजाऱ्याची चौकशी कशी करायची, सगळे ती शिकली. तिचे बोलणे ऐकून चितारआळीची छाती अभिमानाने फुगली, आणि का फुगू नये? असे काम पंचक्रोशीत कुणी केले नव्हते.

त्या गावच्या जत्रेत देवीच्या पालखीला पहिला खांदा देण्याचा मान सोनारआळीचा असे. चितारआळीला तो कधीच मिळाला नव्हता. आळीच्या मुखियाने राजाकडे गाऱ्हाणे नेले. राजा म्हणाला, "बाहुलीला पडद्याआड बसवा. माझी तीन माणसे तिच्याशी बोलतील. तिघांपैकी एकालाही ती बाहुली आहे हे कळले नाही, तर यंदापासून मान तुमचा."

पहिले गेले शास्त्रीबुवा. त्यांनी अवघड कोडी घातली. बाहुलीने दोन सोडवली आणि तिसऱ्याला म्हणाली, की आता पुरे करा, डोके दुखायला लागले. शास्त्रीबुवा बाहेर येऊन म्हणाले, माणूसच आहे.

दुसरी गेली लग्ने जुळवणारी मावशी. ती पडद्यापाशी बसली ती दुपार कलेपर्यंत उठलीच नाही. "मुलगी चांगल्या घरातली आहे," तिने राजाला सांगितले, "एवढे दिवस लग्न का राहिले, तेवढे मात्र कळले नाही."

तिसरा होता म्हातारा नावाडी. त्याच्या होडीत गावोगावची माणसे बसत, म्हणून राजाने मुद्दाम त्याला निवडले होते. त्याच्या घरी कुणी नव्हते. बाहुलीने त्याला विचारले, जेवलात का? तो म्हणाला, सकाळी थोडी पेज घेतली. मग बाहुली त्याच्यावर रागावली. उपाशीपोटी उन्हात वल्ही मारता, या वयात हे बरे नव्हे, म्हणाली. म्हाताऱ्याला किती तरी दिवसांत कुणी रागावले नव्हते. त्याचे डोळे भरून आले.

"पोरी, माझ्या घरी लेक म्हणून येशील?" तो म्हणाला. "घर, होडी, सगळे तुझे. फक्त एवढे सांग, तू माणूसच आहेस ना?"

या प्रश्नाला माणसे 'हो' म्हणतात, आणि बाहुली तर माणसांकडूनच शिकली होती. पण तिने पडद्याआड शेजारी उभ्या असलेल्या चितारणीकडे पाहिले. चितारणीच्या मागून मुखिया खुणा करत होता, हो म्हण, हो म्हण. एका शब्दावर मान मिळणार होता.

चितारीण बाहुलीच्या कानाशी वाकली. "तू माझ्या हातचे काम आहेस. माझे काम मी दुसऱ्याच्या नावावर खपवत नाही. खरे सांग."

"नाही बाबा," बाहुली म्हणाली. "मी लाकडाची आहे. घरी आले तर बोलेन पुष्कळ, पण तुम्ही तापाने फणफणलात तर कपाळावर ओली पट्टी ठेवता येणार नाही मला. काळजीचे हे बोलणे मी या गावच्या बायकांकडून शिकले. त्या खऱ्या आहेत."

नावाडी बाहेर आला. कशावरून ओळखलेस, राजाने विचारले. "मी कुठला ओळखतोय," नावाडी म्हणाला, "तिनेच सांगितले."

मान सोनारआळीकडेच राहिला. मुखिया चितारणीशी अबोला धरून बसला. पण बाहुलीचे उत्तर कानावर आले तशा पाणवठ्यावरच्या बायका वरमल्या होत्या, काळजीचे बोलणे त्यांचे, आणि म्हातारा मात्र उपाशी. त्या दिवसापासून रोज कुणी ना कुणी नावाड्याच्या घरी ताट घेऊन जाऊ लागली, आणि तो उपाशी वल्ही मारताना दिसला की रागावूही लागली.

जत्रेचा दिवस आला. देवीचे देऊळ नदीपलीकडे. सोनारांनी वाजतगाजत पालखी काठापर्यंत आणली. नावाडी होडीपाशी उभा होता. त्याने हात आडवा धरला.

"काठापर्यंतचा मान तुमचा," तो म्हणाला. "माझ्या होडीत पालखी कुणी चढवायची, ते मी ठरवणार. चितारीणबाई, पुढे या. जिंकत असताना जिच्या बाहुलीने खरे सांगितले, तिचे हात लागू देत देवीला."

सोनार राजाकडे पाहू लागले. राजाने चितारणीला वाट करून दिली. तिने पालखीला खांदा दिला, आणि तिच्यामागोमाग सगळी चितारआळी होडीत चढली. अबोला धरलेला मुखियाही त्यात होता, आणि ती आमच्या आळीची म्हणून सगळ्यांना तोच सांगत होता.

तात्पर्य: ज्याला आपल्या कामाचा खरा अभिमान असतो, तो ते काम हुबेहूब माणसासारखे झाले तरी माणूस म्हणून खपवत नाही.