झोपलीस का?

फार जुनी गोष्ट. तेव्हा राज्यं लहान होती आणि राजांचे हट्ट मोठे.

अशाच एका राजाचा कायदा होता. प्रत्येक गोष्ट विचारून घ्यायची, तिचं 'होय' किंवा 'नाही' असं उत्तर आलं, तरच ती खरी मानायची. "गाय बांधलीस का?" "होय." "भांडण मिटलं का?" "नाही." कायदा झकास चाले. राजा मिशीला पीळ देऊन म्हणे, "आमच्या कायद्यातून निसटेल असं सत्य अजून जन्माला यायचंय!"

एकदा राजाची एकुलती एक लेक तापाने फणफणली. वैद्यबुवांनी मात्रा चाटवली आणि म्हणाले, "महाराज, आता गाढ झोप लागली तरच ताप उतरेल. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

राजा पलंगाशी बसून राहिला. लेकीचे डोळे जरा मिटले, की वाकून विचारी, "बाळ, झोपलीस का?"

"नाही, आबा," ती डोळे उघडून म्हणे.

दुपार टळत आली, ताप चढत गेला. राजा रडकुंडीला आला. प्रधानजींनी डोकं खाजवून नवा नियम काढला: झोप लागलेल्याने 'होय' म्हणावं. पोर गुणाची. पुढच्या खेपेला आबांना बरं वाटावं म्हणून ती टक्क जागी असूनही "होय" म्हणाली! प्रधानजी लगेच आणखी एका नियमाच्या तयारीला लागले. ठिगळावर ठिगळ, दुसरं काय!

शेवटी राजाला लहानपणी खेळवणारी म्हातारी दाई पुढे आली. "पुरे आता! तुम्ही विचारलं की पोर जागी होते. या प्रश्नाला खरं 'होय' कधी यायचंच नाही. चला बाहेर."

"मग ती झोपली हे मला कळणार कसं?"

"नाही कळणार. तेवढं सोसा."

राजा सज्ज्यात जाऊन बसला. जीव टांगणीला लागला होता. प्रश्न कितीदा तरी ओठांवर आला, त्याने तो गिळला. शेवटी दमून खांबाला टेकला आणि त्याचाच डोळा लागला.

तिन्हीसांजेला लेक घामाने चिंब होऊन बाहेर आली. ताप उतरला होता, भूक लागली होती. आबा तोंड उघडं टाकून घोरत होते. तिने कायद्याप्रमाणे विचारलं, "आबा, झोपलात का?"

राजा दचकून उठला. "नाही... म्हणजे, झोपलो होतो गं! तू विचारेपर्यंत होतो!" आणि लेकीला पोटाशी धरून तो हसता हसता रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने कायद्याला एक ओळ जोडली: 'या कायद्यात न मावणारंही खरं असतं.'

प्रधानजी गोंधळले. "महाराज, या ओळीला होय म्हणायचं की नाही?"

"प्रधानजी," राजा म्हणाला, "घरी जा आणि जरा झोपा."

ध्यानात ठेवायचं ते एवढंच: काही सत्यं विचारताक्षणी बदलतात, ती जपायची तर न विचारण्याचा धीर हवा.