तेरड्याचे ओले पाय

फार जुनी गोष्ट. ओढ्यांना अजून नावंसुद्धा पडली नव्हती, तेव्हाची. कोरड्या माळावरच्या एका नगरात तुळाजी नावाचा राजाचा कारभारी राहायचा. डोंगरातल्या म्हाताऱ्या आईला त्याने घरी आणलं. माडीवर झोपाळा, त्यावर मऊ गादी!

"आई, आता इकडची काडी तिकडे करायची नाहीस," त्याने बजावलं.

आई बसली. हळूहळू तिचं बोलणं आटलं, जेवण दोन घासांवर आलं. डोळे मिटून झुलताना तिला डोंगरातल्या घराजवळचा ओढा ऐकू यायचा, धुक्यात गुलाबी तेरडा डुलताना दिसायचा. वैद्य म्हणाला, "रोग सापडत नाही. पण अशाने आई हातची जाईल."

तुळाजीने तिच्या ओढ्यावरून तेरडा आणवला आणि सज्जात, लख्ख उन्हात, चांदीच्या घंगाळात लावला. काय तो थाट!

"अरे वेड्या, त्याचे पाय ओले लागतात. सावली लागते," आई म्हणाली.

"मग काय त्याला मोरीत बसवू?"

तेरडा रोज दुपारी मान टाकायचा. शेवटी वाळलाच. आईने उरलेली बोंडं चिमटीत धरली, तशी ती टचकन फुटली आणि बिया सज्जाखाली, आडाच्या बाजूला उडाल्या. त्या दिवसापासून आईने अंथरूण धरलं.

पुढे एका सकाळी तुळाजी ओरडला, "आई, तेरडा!" आडाजवळ, भांडी घासायच्या दगडाशी, सांडपाण्याच्या गारव्यात तो गुलाबी फुलला होता. तुळाजी खुरपं घेऊन धावला. पुन्हा घंगाळात लावायला, दुसरं काय!

भिंत धरत धरत आई खाली आली. "हात लावू नकोस. तिथं त्याला बरं वाटतंय." आणि स्वतःही त्या ओल्या दगडावर टेकली.

"आजी, तुमच्याकडे असाच फुलतो का हो?" भांडी घासणाऱ्या बायकांनी विचारलं. आई सांगू लागली. सांगता सांगता तिचा हात राखेकडे गेला, एक तांब्या घासू लागला.

"अगं आई, लोक काय म्हण..." तुळाजी मध्येच थांबला. आई हसत होती. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच! त्याचे डोळे भरून आले. तो आत गेला आणि तिला बसायला पाट घेऊन आला.

रात्री आई सुनेला म्हणाली, "अर्धी भाकरी अजून वाढ गं."

झोपाळा रिकामा राहिला. आई मात्र पुढचे कितीतरी पावसाळे तेरड्याशेजारी बसून गप्पा मारत होती.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, माया करायची तर आपल्याला शोभेल तिथे नव्हे, समोरच्याला मानवेल तिथे त्याला जागा द्यावी.