भिवराची राहिलेली पाकळी

फार वर्षांपूर्वी, आपल्या वडजांबच्या विहिरीला अजून कठडाही नव्हता, तेव्हा इथं भिवरा नावाची बाई राहायची. तिच्यासारखी रांगोळी पंचक्रोशीत कुणी काढली नाही. तिच्या कमळावर मधमाश्या येऊन बसायच्या आणि मोराच्या पायाशी चिमण्या दाणे शोधायच्या, असं म्हणतात.

पण एक ठिपका केसभर सरकला, तरी ती सगळी रांगोळी पुसून पहिल्यापासून मांडायची. चूल विझून जायची. नवरा शिळी भाकरी बांधून रानात जायचा. रांगोळी मोडेल म्हणून ती पुढच्या दारानं कुणाला येऊ देत नसे. शेजारणी आधी मागच्या दारानं येऊ लागल्या, मग यायच्याच थांबल्या. भिवराला ते कळलंसुद्धा नाही.

एका सकाळी तिची आई आली. टेकडीपलीकडच्या गावाहून, काठी टेकत, तीन दिवस चालून.

"भिवरे, मी आलेय गं."

भिवरानं मान वर केली नाही. "आई, थांब हं, पाय नको टाकूस. एवढी एकच पाकळी राहिलीय."

"बरं बाई," आई म्हणाली आणि अंगणाबाहेर उभी राहिली.

ती पाकळी काही केल्या जमेना. कधी टोक बोथट व्हायचं, कधी कड जाड. पुसली, काढली, पुन्हा पुसली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठं ती जमली. अशी जमली की भर दुपारी तिच्यावर दंव उतरलं, असं म्हणतात.

"आई, ये, बघ आता!"

अंगणाबाहेर कुणीच नव्हतं.

समोरच्या ओट्यावरून म्हातारी सोनाई म्हणाली, "गेली ती. मी म्हटलं, माझ्याकडे टेका घटकाभर. तर म्हणाली, पोरगी कामात आहे, माझे पाय धुळीनं भरलेत. डोळे भरून बघितलं तिला, तेवढं पुरे."

भिवरा धावली, थेट रांगोळीवरून. पायांना लागलेली रांगोळी वाटेवर सांडत गेली आणि पावलापावलाला एकेक पांढरं फूल उगवलं, असं म्हणतात.

टेकडीच्या पायथ्याशी, करंजाच्या सावलीत आई बसली होती. तिला धाप लागली होती. लेकीला बघून तिनं विचारलं, "झाली का गं पाकळी?"

"मोडली," भिवरा म्हणाली आणि आईच्या कुशीत शिरून रडली.

"मोडू दे. बैस अशी."

दोघी बोलत बसल्या. वडिलांचं, भावंडांचं, लहानपणी हरवलेल्या कालवडीचं. त्यांचं बोलणं सरेना म्हणून सूर्य माळाच्या कडेवर थांबून राहिला. गुरं घराकडे वळली नाहीत, कुठं दिवा लागला नाही. सगळं सांगून झालं तेव्हा आईनं लेकीच्या मांडीवर डोकं टेकलं. मग सूर्य गेला, आणि त्याच्याबरोबर आईही.

भिवरा पुढेही रांगोळी काढायची. पण कुणाची हाक आली, की चिमटीतली रांगोळी तिथंच टाकून उठायची.

तेव्हापासून वडजांबात दाराशी कुणी आलं, की बाई असो वा बाप्या, हातातलं काम आहे तसं सोडून बाहेर येतो. त्याला भिवराचं उठणं म्हणतात. परवाच गोंदाजीच्या घरी नवी सून आली. सासू भाकऱ्या थापत होती. ती तशीच पिठाच्या हातांनी धावली आणि तिनं सुनेला जवळ घेतलं. नव्याकोऱ्या शालूवर पिठाची दहा बोटं उमटली. सुनेनं ती झटकली नाहीत.